निरोगी क्रमांक सात

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. कागदावरचा आहे, त्यामुळे आशीर्वाद द्यायला उठू नकोस. कंबर सांभाळ.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू सगळ्याला "हो, हो" म्हणतोस आणि मग मामीला विचारतोस, काय म्हणत होती ती. चाळीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानात कटिंग मशीनशेजारी बसून तुझे कान गेले. डोळे मात्र अजून दहा फुटांवरून वाकडी शिवण पकडतात, असं तुझी लेक, आपली धाकटी, सांगते. तेव्हा वाच.

सोबत आईचं वनस्पतींचं पुस्तक आहे. शाळेत शिकवायची तेव्हा ती हेच घेऊन वर्गात जायची. घर बदलताना ट्रंकेच्या तळाशी सापडलं. शिवण सुटलीय आणि पान एकशे एकतीसचा खालचा कोपरा फाटून गेलाय. तिथे समासात आईने पेन्सिलीने लिहिलंय, "ठोंब्याला विचारायचं की", आणि पुढचं कोपऱ्याबरोबर गेलं. ठोंब्या म्हणजे तू, हे मला मामीने सांगितलं. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढी महत्त्वाची माहिती तू आजवर दडवून ठेवलीस.

मागच्या वेळी तू विचारलंस, की दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून मी बघते तरी काय. तुटलेला डीएनए बघते. आपल्या प्रत्येक पेशीत शरीर चालवायचा सगळा मजकूर असतो, लांबच लांब दुहेरी धाग्यावर लिहिलेला. तो कुठे ना कुठे तुटतच असतो. उन्हाने, धुराने, कधी नुसत्या जगण्याने. पेशी तो दोन प्रकारे सांधते. घाई असली तर दोन टोकं धरते आणि जोडून टाकते, मधली दोन-चार अक्षरं गेली तर गेली. नीट करायचं असेल तर शेजारी त्याच मजकुराची नवी काढलेली प्रत असावी लागते. ती बघून पेशी अक्षर न अक्षर भरून काढते. हे नीट काम करवून घेणारी काही प्रथिनं आहेत. ती जागेवर असली की चुका साठत नाहीत, आणि चुका साठल्या नाहीत की सहसा कॅन्सरची गाठ होत नाही. म्हणून त्यांना गाठ रोखणारी प्रथिनं म्हणतात. त्यातल्या एकाच्या मागे मी पाच वर्षं आहे.

पुस्तक लवकर दे. तुझं "लवकर" नव्हे, लोकांचं.

तुझी भाची


२१ जानेवारी

चि. भाचीबाईंस,

आशीर्वाद. उभ्याने दिले आहेत, कंबर ठीक आहे.

पुस्तक पोचलं. ज्याने याचं मागचं बाइंडिंग केलं त्याला भेटायची इच्छा आहे. एवढी खळ त्याने पुठ्ठ्याला थापलीय की त्यात एक भिंत बांधून झाली असती. (मामी म्हणते, ते तुम्हीच केलं होतं, लग्नाच्या वर्षी. मला आठवत नाही.)

तर पेशीने माझा धंदा चोरला म्हणायचा. फाटलेल्या पानाचे आमच्याकडेही दोनच प्रकार. गिऱ्हाईक दारात उभं असेल तर खळ लावायची, एक कड दुसरीवर चढवायची, झालं. एखादी ओळ कडेखाली गडप होते, पण गिऱ्हाईक तरी कुठे वाचणार असतं. नीट करायचं तर त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधायची, तसाच कागद मिळवायचा आणि गेलेला मजकूर बघून बघून भरायचा.

पण आमच्यात एक रीत आहे, ती पेशीत आहे का ते कळव. भरलेलं पान लपवायचं नाही. मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवायचं, कुठलं पान गेलं होतं, कशावरून भरलं, कोणी भरलं. पुस्तक पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला कळायला हवं, मूळ कुठे आहे आणि आपण कुठे आहोत. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, नोंद न ठेवता भरलेलं पान म्हणजे दुसऱ्याच्या नावाची सही.

दुसरी प्रत शोधतो. छापील मजकूर मिळेल. समासातलं कुठून आणू? ते जगात एकाच प्रतीत होतं. ताईला काय विचारायचं होतं कोण जाणे. बहुधा तिची छत्री मी कुठे विसरलो ते. मी तिच्या तीन छत्र्या विसरलो आहे.

आता सांग, ते प्रथिन रजेवर गेलं तर काय होतं? मामी म्हणते, एवढा पिच्छा एखाद्या माणसाचा पुरवला असता तर तो दोनदा लग्नाला तयार झाला असता. धाकटी मुलांना पोहायला शिकवायला लागल्यापासून घरभर ओले टॉवेल आहेत, बाकी खुशाल.

तुझा मामा
(ते दुसरं नाव पत्रात पुन्हा लिहू नकोस. पोस्टमन ओळखीचा आहे.)


६ फेब्रुवारी

प्रिय ठों... मामा,

नाही, पेशीत पेन्सिलीची नोंद नसते. ती इतकं बेमालूम भरते की फाटलं होतं हेच कळत नाही. तुझ्या गुरूंनी तिला कामावरून काढलं असतं.

आमचं प्रथिन स्वतः शिवत नाही. ते शिवणाऱ्याला हाताला धरून नेमक्या तुटलेल्या टोकावर नेऊन बसवतं. थोडक्यात, दुकानात तू नसतोस तेव्हा मामी जे करते ते. हे प्रथिन कसं करायचं याची कृती प्रत्येकाकडे दोन ठिकाणी लिहिलेली असते, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. एखाद्याची एक कृती जन्मापासून चुकीची असली तरी दुसरीवर काम निभावतं. पण आयुष्यात कधीतरी, कुठल्यातरी एका पेशीत, ती दुसरीही खराब झाली की त्या पेशीकडे फक्त घाईचं जोडकाम उरतं. मग चुका साठत जातात. लगेच कॅन्सर होतो असं नाही, पण दाराची कडी निघालेली असते.

आता माझं रडगाणं. आम्ही रक्तातल्या पेशींना किरण देऊन त्यांचा डीएनए मुद्दाम तोडतो. काही तासांनी दुरुस्तीची मंडळी जिथे जमतात तिथे हिरवे ठिपके दिसतात, ते मोजायचे. आजारी माणसाचे ठिपके कमी आहेत हे म्हणायला शेजारी निरोगी माणसाचे लागतात. आणि माझा एक निरोगी नमुना नाटकं करतोय. क्रमांक सात. एका धडधाकट बाईचं रक्त, साधी सर्दी होत नाही तिला. बाकीच्यांचे चाळीसच्या आसपास ठिपके, हिचे सव्वीस. तीनदा केलं. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. आमच्या प्रमुख बाई नुसत्या माझ्या हातांकडे बघतात. एप्रिलमध्ये माझी नेमणूक वाढवायची की नाही ते ठरणार आहे. सातने असाच असहकार चालू ठेवला तर मी तुझ्याकडे खळ ढवळायला येईन.

तुझी भाची


१५ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,

आशीर्वाद. या खेपेचे हातांना.

खळ ढवळायला ये, पण तुझ्या हाताला दोष देऊ नकोस. तू दहा वर्षांची असताना दुकानात बसून फर्मे, घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचीस, तुझा एक टाका कधी चुकला नाही. धाकटीचे सगळे चुकायचे, म्हणून ती पाण्यात गेली.

माझी एक फजिती सांगतो, तुझ्या मामीलाही माहीत नाही. (आता झाली. मागे उभी आहे.) एका वकिलांचा जुना कोश दुरुस्तीला होता, दोन पानं नव्हती. मी दुसरी प्रत मिळवली, आठ दिवस बसून ती दोन पानं इतकी देखणी उतरवली की मीच माझ्या प्रेमात पडलो. वकिलांनी चष्मा लावला आणि म्हणाले, अहो, हा अर्थ उलटा आहे. मी माझी प्रत काढून दाखवली. तिच्यात तेच होतं. छापतानाच चूक झाली होती, माझी "चांगली" प्रतच चुकीची होती. मी फाटलेल्या पुस्तकाकडे आठ दिवस भिंग लावून बघत होतो, आणि जिच्यावरून भरत होतो तिच्याकडे एकदाही शंकेने बघितलं नव्हतं. चूक मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली.

तेव्हापासून कानाला खडा. भरण्याआधी चांगली प्रत तिसऱ्या प्रतीशी ताडून बघतो. तर तुझी ही क्रमांक सात कोण आहे? ती निरोगी आहे हे तपासलं कोणी, की तिनेच सांगितलं? सर्दी होत नाही म्हणजे काय, सर्दी तर मलाही होत नाही, आणि माझ्याकडे बघ.

तुझा मामा


२० मार्च

चि. भाचीबाईंस,

महिना उलटला, तुझं पत्र नाही. फोन केला तर तू "बरी आहे" एवढंच म्हणालीस, आणि तेवढं मला ऐकू आलं. मामीचं म्हणणं, तू माझ्यावर रागावलीस, हातांबद्दल बोललो म्हणून. माझं म्हणणं, कोणीतरी मुलगा आहे. धाकटीचं म्हणणं, आम्ही दोघांनी गप्प बसावं.

मुलगा असेल तर फक्त एवढं कळव, तो पुस्तकाचं पान दुमडतो का. दुमडत असेल तर नको.

ताईच्या पुस्तकाची दुसरी प्रत सापडली, तिच्याच जुन्या शाळेच्या ग्रंथालयात. ग्रंथपाल बाई द्यायला तयार नव्हत्या, मी म्हटलं, तिथेच बसून उतरवतो. आता दर गुरुवारी लहान मुलांच्या खुर्चीवर बसतो.

लिही. काहीही लिही.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

मुलगा नाही. रागही नाही.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, त्या देखण्या चुकीला. मग शेवटचा प्रश्न वाचला. क्रमांक सात कोण, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी.

नोव्हेंबरमध्ये ठरलेली रक्तदाती आली नाही, किरणांच्या यंत्राची वेळ मिळाली होती, ती वाया गेली असती. मी खालच्या मजल्यावरच्या परिचारिकेकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं आणि नळीवर लिहिलं, "निरोगी ७". आमच्याकडे सक्त नियम आहे, प्रयोगात स्वतःचं रक्त वापरायचं नाही. का, ते पहिल्याच दिवशी सांगतात. जे विचारलं नाही त्याचं उत्तर मिळू शकतं म्हणून. मला वाटायचं, हे नियम नवशिक्यांसाठी आहेत. तीन महिने मी माझे हात तपासले, रसायनं तपासली, यंत्र तपासलं. नळीवर "निरोगी" मीच लिहिलं होतं, म्हणून तेवढं तपासलं नाही. दिव्याखाली अंधार.

बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दहा मिनिटं मला फैलावर घेतलं. मग दार लावलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, ठिपके मोजून निदान होत नसतं, रुग्णालयात जाऊन रीतसर तपासणी कर. केली. बाबांनीही माझ्याबरोबर रक्त दिलं. पाच आठवडे लागले. माझी एक कृती चुकीची आहे, मामा. बाबांच्या दोन्ही ठीक आहेत. म्हणजे आईकडून आली. त्रेचाळिसाव्या वर्षी तिला कॅन्सर का झाला, हे आता कळलं.

मला आजार झालेला नाही. पण व्हायची शक्यता बाकीच्या बायकांपेक्षा खूप जास्त आहे. दरवर्षी तपासणी, पुढे कधीतरी शस्त्रक्रियेचा विचार. आईला जे कुणी सांगू शकलं नाही ते मला एकतिसाव्या वर्षी कळलंय. हे मी स्वतःला दिवसातून तीनदा सांगते, त्यातलं एकदा पटतं.

आता तुझ्याकडे काम आहे. तू आईचा सख्खा भाऊ. तुझ्यात ती चूक असण्याची शक्यता निम्मी आहे. पुरुषांनाही त्याचा त्रास होतो. तुझ्यात नसेल तर धाकटीला त्या चुकीची काळजीच नको. असेल तर तिलाही तपासायला हवं, आणि ती चोवीस वर्षांची आहे, वेळ हाताशी आहे. एक सुई, मामा. तिला सांग आणि जा.

तुझी भाची


११ एप्रिल

चि. भाचीबाईंस,

आशीर्वाद, सगळे. उरलेसुरलेही पाठवतोय.

पत्र मिळालं. तू शूर आहेस, ताईवर गेलीस. मी आपला वडिलांवर गेलो, ते सुई बघून खुर्चीतून खाली यायचे. आणि या वयात माझ्यात काय शोधणार? अठ्ठावन्न वर्षांचं पुस्तक, वाळवी लागली नाही हेच नशीब. ज्या पानावर मजकूर आहे ते पान उघडूच नये, असं कधीकधी बरं असतं.

ग्रंथालयातली मुलं मला गुरुवारचे आजोबा म्हणतात. एकाने विचारलं, तुम्ही नापास झालात का, म्हणून लिहायला बसवलंय? मी हो म्हटलं. पान एकशे एकतीस जवळजवळ झालं.

इकडे सगळं ठीक. धाकटी मजेत आहे. तिला उगाच कशाला.

तुझा मामा


२० एप्रिल

प्रिय मामा,

काल धाकटीशी बोलले. सहज विचारलं, मामाने माझ्या पत्राचं काही सांगितलं का. म्हणाली, हो, नेहमीचं, तुझं भिंग आणि ठिपके. मामीही तेच म्हणाली. म्हणजे तू ते पत्र घरात कुणालाच दाखवलं नाहीस. ताकास तूर लागू दिला नाहीस.

सुईला घाबरतोस? तू? दिवसाला चारशे टाके घालणारा माणूस? माझ्यासमोर तुझ्या अंगठ्यात टोचा आरपार गेला होता, तेव्हा तू म्हणालास, बघ, मीच शिवला गेलो. मामा, मी तुझ्या दुकानात वाढले. तू दोन वेळा जास्त थट्टा करतोस, खूश असलास की आणि काही लपवत असलास की. या खेपेला तू खूश नव्हतास.

मी स्वतः धाकटीला सांगू शकते. सांगत नाही, कारण ती तुझी मुलगी आहे आणि हे तिने तुझ्या तोंडून ऐकावं. पण मी फार दिवस थांबणार नाही. तूच शिकवलंस ना, नोंद न ठेवलेलं पान म्हणजे काय ते. मग आपल्या घरातलं फाटलेलं पान तू पुठ्ठ्याखाली का सरकवतोयस?

काय लपवतोयस, ते सांग.

तुझी भाची


४ मे

चि. बाळ,

या पत्रात गंमत नाही. असली तर ती सवयीची समज.

ताईला काय विचारायचं होतं ते मला माहीत आहे. ती दुकानात आली होती. उन्हाळ्याची सुट्टी होती, तू मागे फर्मे शिवत होतीस. ती माझ्याशेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मला छातीत काहीतरी हाताला लागतंय. जाऊ का दाखवायला?" मी पुठ्ठे कापत होतो. मी म्हटलं, "वर्षभर पोरांच्या वह्यांचे गठ्ठे छातीशी धरून वाहतेस, तिथे वही उमटली असेल." ती हसली, खूप हसली. मलाही बरं वाटलं, हसवलं म्हणून. मग ती घरी गेली आणि पुढचे सात महिने तिने कुणालाही दाखवलं नाही. दाखवलं तेव्हा उशीर झाला होता. हे मी तुझ्या बाबांना सांगितलं नाही, मामीला सांगितलं नाही, एकोणीस वर्षं कुणालाच नाही. तुला दहा-बारा वर्षांची बघत होतो तेव्हा रोज वाटायचं, हिच्या आईला मी हसत घरी पाठवलं.

तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, ताईला मी असं केलं, आणि आता धाकटीला जर माझ्याकडूनच ते मिळालं असेल, तर ते मला कळायला नको. एवढंच होतं, भ्याडपणा.

परवा दोघींना बसवून सगळं सांगितलं. ताईचंही. मामी रडली आणि मग मला म्हणाली, एवढं ओझं एकट्याने वाहत होतात म्हणून कंबर गेली. धाकटी आत गेली, पोहायची पिशवी ठेवली, चप्पल घातली आणि म्हणाली, "बाबा, उठा." रुग्णालयातल्या बाईंनी सांगितलं होतं, आधी वडिलांचं बघू, मग गरज पडली तर मुलीचं. धाकटी म्हणाली, माझंही आत्ताच घ्या, मी दोनदा वाट बघणार नाही. मी सुईकडे बघत राहिलो. खुर्चीतून पडलो नाही.

पाच आठवडे लागतील.

तुझा मामा


१३ मे

प्रिय मामा,

पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. राग आला होता, तो तुला कळू दे. एक दिवस पुरता आला. मग मला ते हसणं आठवलं. मी मागे होते ना, फर्मे शिवत. आई कशाला हसतेय ते कळलं नव्हतं, पण ती तशी हसायची ती फक्त तुझ्या दुकानात.

ते सात महिने मी भरून देऊ शकत नाही, तूही नाही. त्यांची दुसरी प्रत नाही. पण आई मोठी बाई होती, मामा. चाळीस मुलांचा वर्ग एका भुवईवर गप्प करायची. ती तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती, आणि तुझं कुठलंच ऐकायची नाही. तिला घाबरायचं नव्हतं, तू तिला निमित्त दिलंस. आणि ते समासातलं वाक्य त्याच दिवसाचं आहे, हे तू कशावरून ठरवलंस? पुस्तकात तिने वीस वर्षं लिहिलंय. कदाचित खरंच छत्रीबद्दल असेल. न तपासता भरू नकोस.

बाईंनी माझी नेमणूक एक वर्ष वाढवली. नियम मोडल्याची नोंदही माझ्या कागदपत्रांत घातली, दोन्ही एकाच दिवशी. सातचे सगळे आकडे प्रयोगातून काढून टाकले. पहिली तपासणी झाली, स्वच्छ आहे. तिथल्या डॉक्टर माझ्याहून लहान आहेत आणि मला "काकू" म्हणाल्या, हे मात्र मी कधी विसरणार नाही.

पाच आठवड्यांतला एक गेला.

तुझी भाची


१० जून

चि. भाचीबाईंस,

आशीर्वाद, बसून. पुस्तक झालं. लोकांचं "लवकर" नाही जमलं, पण माझ्या हिशेबाने मी घाईच केली. खळ बेताची आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आत नोंद केलीय, ती वाच. फोनवर सांगणार होतो, पण तू "काय? काय?" म्हणाली असतीस तर मला दोनदा सांगावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. धाकटीने नोंद वाचली, एक शब्द खोडायला लावला आणि खाली सही केली.

मामी विचारते, काकू येणार कधी?

तुझा ठोंब्या


(मागच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीने)

पान १३१-१३२. खालचा कोपरा फाटून गेला होता. शाळेच्या ग्रंथालयातल्या प्रतीवरून ताईच्या भावाने भरला. ती प्रत आधी तिसऱ्या एका प्रतीशी ताडून पाहिली. भरलेला कागद मुद्दाम किंचित फिकट ठेवला आहे.

समासातले "ठोंब्याला विचारायचं की" हे शब्द मूळचे, ताईचे. पुढचे माहीत नाहीत. भरले नाहीत.

या घरात एक चूक पिढ्यांनी चालत आलेली आहे. ताईत होती. ताईच्या मुलीत आहे, तिने स्वतः शोधून काढली. भावात आहे, ७ जूनला कळलं. भावाच्या मुलीत नाही.

पुढे ज्याच्या हातात हे पुस्तक येईल त्याने आधी हे पान वाचावं आणि आपलं तपासून घ्यावं. हाताला काही लागलं तर त्याच दिवशी दाखवावं. कोणी हसवलं तर हसावं, आणि मग दाखवायला जावं.

या नोंदीत थट्टा नाही.